गोळी गेली कुठी?

…अन् मंग ह्या माणसाचं चुकलं काय, ते तरी सांगा! नाई, सांगाच तुम्ही! जन्मभर कोनाले खडा मारला नाई, कुत्रं अंगावर धावून आलं तरी 'हाड' म्हणाच्या आधी दोनदा इचार केला, असा हा आमचा अनंतराव उंबरकर, अन् त्याच्याच डोक्यात आता सकाळी डोळा उघडला की एकच… गोळी गेली कुठी? चहाचा कप हातात, बशी मांडीवर, चहावर साय येऊन राह्यली, अन् हा माणूस भिंतीकडं पाहून राह्यला… गोळी गेली कुठी? वासंतीवैनी सैंपाकघरातून वरडते, "अहो, तुमची गोळी घेतली का?" आता ते बिचारी बीपीची गोळी म्हणते हो, पण 'गोळी' शब्द कानावर पडला की ह्यायच्या हातातला कप असा कलंडते, असा कलंडते, की अर्धा चहा धोतरावर! मंग वैनी म्हणते, "अगं बाई, बोलनंही गुन्हा झाला ह्या घरात!"

तुम्हाले सांगतो, मुळापासूनच सांगा लागते, नाईतं तुम्ही म्हणसान, रिटायर माणूस, रिकामं डोकं, चळलं असन!

तं हा अनंतराव सरकारी हापिसात होता. टेबल कोणतं? आवक-जावक! म्हणजे बाहेरून आलेलं पत्र घ्या, शिक्का मारा, आतमंधी द्या; आतून आलेलं पत्र घ्या, शिक्का मारा, बाहेर पाठवा. उभी नोकरी त्याच टेबलावर. अन् त्यायचं दुःख काय, माहीत हाये? ते म्हणत, "बावा, एवढी पत्रं मी जावक केली, पण पाठवलं ते पोचलं की नाई, त्याचा आवाज मले कधी आला नाई. आलाच नाई!" आता सरकारी पत्राचा आवाज येते का कुठी? पण माणसाच्या जीवाले काय लागून राहीन, काय नेम हाये?

मंग रिटायर झाले. रिटायर झाल्यावर लोकं काय घेते? कोनी गुडघ्याचं तेल घेते, कोनी शेगावले खोली घेते. ह्यायनं काय घेतली? रिव्हॉल्वर! हसू नोका! डोणगावच्या अंगाले त्यायची संत्र्याची बाग, तठी एकटंदुकटं राहा लागते, जीवाले भेव, असं लिहून लायसन मांगितलं. ते लायसन येईस्तोवर बागंतल्या डुकरायच्या दोन पिढ्या होऊन गेल्या. अन् रिव्हॉल्वर तरी कशी? दुकानात जे सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कोपऱ्यात, धूळ खात पडेल होती ना, ते! पॉइंट टू-टू. त्याचं काडतूस म्हणजे पेन्सिलीचा उरलेला तुकडा! मोठ्या बंदुकीच्या काडतुसाले मधोमध ठोका बसते, ह्याले बिचाऱ्याले कडेले टिचकी बसते, अन् आवाज? 'ठॉप'! भजे तळताना एखादं फुटते ना, तसा. सगळं गाव हसलं. "साहेब, ह्यानं डुक्कर मरत नाई, डुकराले गुदगुल्या होते!" "साहेब, हे दिवाळीत पोट्ट्यायले द्या!" अनंतराव सगळ्यायले हसून उत्तर देत. मनात मात्र… जाऊ द्या.

अन् मंग तो मोबाईल! तुम्हाले सांगतो, अर्धं वाटोळं त्या मोबाईलनं केलं. एक दिवस त्यात व्हिडिओ आला, कोनी गोरा म्हातारा, पोट सुटलेलं, टोपी घातलेला, अन् त्याच्या हातात अशीच, हुबेहूब अशीच फुकटछाप रिव्हॉल्वर! अन् तो मारते कुठी? लांब! एवढं लांब की निशाण दिसतच नाई! मारते 'ठॉप', अन् मंग काहीच नाई… तो म्हातारा उभा… वारा चाललेला… तुम्ही म्हणसान चुकली… अन् तेवढ्यात लांबून येते… टण्ण!

संपलं. अनंतराव खुर्चीतून उठून उभे राह्यले! पाठवलं, वाट पाह्यली, अन् पोचल्याचा आवाज आला! सगळ्या नोकरीत जे भेटलं नाई, ते त्या परदेशी म्हाताऱ्याले भेटून राह्यलं होतं!

दुसऱ्या दिवशी उजाडताच गेले मेहबूबभाईकडं. मेहबूबभाई म्हणजे डोणगावातलं वेल्डिंगचं दुकान, दोघं एका बाकावर शिकले, एका मास्तरचा मार खाल्ला. अनंतरावनं पिशवीतून काय काढावं? वासंतीवैनीचा भाकरीचा तवा! "मेहबूब, ह्याले भोक पाडून दे."

"अरे अनंता, तवे कू भोक? भाभी तेरे कू भोक पाडेगी!"

पण पाडलं भोक. दोस्त कायले म्हणते मंग? तार ओवली, अन् तसेच दोघं गेले बरडावर. बरड म्हणजे बागेच्या पलीकडचं उजाड टेकाड, मुरूम अन् गोटे, वर माथ्यावर एक हिवराचं झाड. त्या झाडाले तवा टांगला. अन् खाली येऊन, बांध ओलांडून, आणखी मांगं सरकून अनंतराव उभे राह्यले. तठून तवा दिसते केवढा? शर्टाच्या गुंडीएवढा!

मेहबूबभाईनं डोळ्यावर हात धरला अन् म्हणला, "अनंता, टेकडी के पलीकडं कोन हाये बे?"

अन् अनंतराव काय म्हणले? तुम्हाले सांगतो, हे वाक्य त्यायच्या काळजात आता काट्यासारखं अडकून हाये. ते म्हणले, "पलीकडं कोन राहीन? मे महिना हाये! बरडावर ऊन खायाले कोन येते?"

आता ह्यात एक गोम हाये, ते ध्यानात घ्या. एवढ्या लांब मारायचं तं गोळी सरळ जात नाई, वाटंत खाली पडते. म्हून नळी वर धरा लागते. तव्यावर नाई, तव्याच्या वर. अन् तवा कुठी? टेकडीच्या माथ्यावर! मंग नळी कुठी? आभाळात! 'ठॉप', धूळ उडली, खाली. 'ठॉप', धूळ उडली, डाव्या अंगाले. मेहबूबभाई एकेक सांगते, "नीचे गई… बाजू कू गई…" 'ठॉप'. मेहबूबभाई गप. "काऊन बे, कुठी गेली?" "धूल नई दिखी." 'ठॉप'. "ही?" "ये बी नई दिखी, अनंता. उप्पर से गई शायद." "जाऊ दे, जाऊ दे, आता माप आलं!" अनंतरावनं श्वास धरला, हात दोन्ही घट्ट, एक डोळा बंद, नळी जराशी खाली… 'ठॉप'…

काहीच नाई…

काहीच नाई…

टण्ण!

अहो, तुम्ही पाह्याले पाह्यजे होतं! तो माणूस नाचला! जिंदगीत वरातीत नाचला नाई, पोराच्या लग्नात नाचला नाई, तो त्या उन्हात मेहबूबभाईले उचलून नाचला! "पोचली रे! पोचली!" मेहबूबभाई म्हणते, "छोड बे, कंबर गई मेरी!" मंग दोघायनं बांधावर बसून टरबूज फोडलं, अन् ते खाताना अनंतराव मधातच हसत, एकटेच. घरी आले तं वैनी कमरेवर हात ठेवून दारात उभी, "तवा कुठी हाये? आता भाकरी काय तुमच्या टकलावर टाकू?" तरी हसत होते! असा सुखाचा दिवस त्या माणसाचा. तो दिवस.

अन् संध्याकाळी चांगुणा आली. भांडे घासाले येते ते. बसली मोरीत, अन् घासता घासता म्हणते, "वैनी, जनकाबाई गेली वं."

"कोणती जनकाबाई?"

"वाडीतली. पायलची माय. सकायी बकऱ्या घेऊन बरडाच्या पलीकडं गेलती. दुपार झाली, बकऱ्या आल्या वापस, बाई नाई आली. जाऊन पाह्यलं तं पालथी पडेल. ऊन लागलं म्हंते. बाप्पा, ऊन का ऊन हाये का हे? आत्ता जाळून आले लोकं. ठेवतीन कोनासाठी?"

अनंतराव जेवाले बसेल होते. घास हातात होता. तो घास तोंडातही गेला नाई अन् ताटातही पडला नाई. वैनी म्हणते, "काय झालं हो?" अन् त्या माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा आवाज झाला… दोन गोळ्यायची धूळ दिसली नाई. गोळी गेली कुठी?

आता सांगा! म्हातारी बाई, वैशाखाचं ऊन, पायात चप्पल नाई, डोक्यावर नुसता पदर. माणसं ह्या दिवसात टपाटपा पडून राह्यले. ऊन लागलं असन, नव्याण्णव टक्के ऊन लागलं असन! पण तो एक टक्का हो! तो एक टक्का जाऊन बसला ना छातीवर!

सकाळी मेहबूबभाईकडं. "मेहबूब, त्या दोन गोळ्या…" मेहबूबभाईनं वेल्डिंगची कांडी खाली ठेवली. तोंड त्याचंही उतरलेलं. "अनंता, धूप बहुत थी. इतना ध्यान में रख. धूप बहुत थी." अन् मान वळवून पुन्हा कामाले लागला, पण कांडी पेटतच नव्हती त्याची.

मंग हा माणूस गेला बरडाच्या पलीकडं. एकटा. भर उन्हात, गुडघ्यावर, मुरमात हात घालून शोधून राह्यला. काय? चण्याच्या डाळीएवढं शिसं! सापडते का? बकऱ्याच्या लेंड्या सापडल्या, बाटलीचं बूच सापडलं, फुटकी बांगडी सापडली… ते तळहातावर घेऊन बसले. एक गुराखी जाऊन राह्यला होता, तो म्हणते, "साहेब, काही हरवलं काय?" आता काय सांगान त्याले? म्हणले, "नाई रे… तुह्यं काही हरवलं नाई ना?" तो गेला आपला मांगं पाहत पाहत.

कोनीतरी म्हणलं, जनकाबाईले आंघोळ झुंबरबाईनं घातली. गेले झुंबरबाईकडं. पण विचारान कसं? तुम्हीच सांगा, कसं विचारान? 'तिच्या अंगाले भोक होतं का' असं विचारान? बसले ओट्यावर, पाणी पेले, पावसाचं बोलले, संत्र्याच्या बहाराचं बोलले, मंग कुठी म्हणे, "झुंबरबाई… जनकाबाईच्या अंगावर… काही डाग-बीग… असं काही…"

झुंबरबाईनं तंबाखू मळता मळता आठवलं. "डाग? डाग तं काही नाई, साहेब. हं, कानामांगं वाटाण्याएवढं सालपटलं होतं. रगत वाळेल होतं थोडं. गोट्यावर पडली असन ना. अन् केसायत कोन पाहते? आम्ही हळद लावली, नेली."

कानामांगं! वाटाण्याएवढं! अरे, नसतं का सांगितलं हे! पोटात, पाठीत, कुठी काही नाई म्हणून मोकळी झाली असती, तं माणूस सुटला असता! आता त्या वाटाण्याचं काय करान? गोटाही वाटाण्याएवढा लागते, अन् गोळीही वाटाण्याएवढीच लागते! अन् ते कान, ते केस, सगळं राख होऊन पैनगंगेत गेलं! आता पाहान कुठी? गोळी गेली कुठी?

पोराले फोन केला. सोहम पुण्याले असते, मोठ्या कंपनीत, बोलणंही आता तिकडचं झालं त्याचं. "बाबा, तुम्ही उगाच टेन्शन घेताय. हे बघा, एवढ्या मोठ्या टेकडीवर एका माणसाला चुकून गोळी लागण्याची शक्यता किती असते? नगण्य! तुम्ही असं करा, सकाळी प्राणायाम करा." अनंतराव म्हणले, "सोहम, तवाही केवढा होता रे? तो तं लागला ना." मंग सूनबाई रेवती फोनवर आली, "बाबा, तुम्ही इकडंच या ना थोडे दिवस." फोन ठेवला. पुण्याले जाऊन काय करान? बरड काय मांगं राहते?

शेवटी गेले ठाण्यात. रिव्हॉल्वर पिशवीत, पिशवी छातीशी, अन् वैनी मांगून रडून राह्यली, "अहो, कायले ओढवून घेता?" जमादारासमोर टेबलावर ठेवली अन् म्हणले, "साहेब, मी बहुतेक माणूस मारला."

जमादारानं आधी ह्यायले पाह्यलं, मंग रिव्हॉल्वरले पाह्यलं, अन् असा हसला, असा हसला, की बाजूच्या शिपायाले बोलावलं! "अरे इकडं ये, पाह्य, काकानं ह्यानं माणूस मारला म्हंते! काका, ह्यानं चिमणी उडते फक्त!"

"साहेब, मरू शकते. लांब जाते ही. मले माहीत हाये."

तव्हा जमादार जरा गंभीर झाला. बिचारा वाईट माणूस नव्हता. खुर्ची देली, पाणी देलं. म्हणते, "काका, प्रेत हाये का? जळालं. तक्रार हाये का? नाई. घरचे काय म्हणते? ऊन लागलं. मंग मी गुन्हा कायचा लिहू? बरं, गोळी दाखवा. गोळी कुठी हाये?"

अन् हा माणूस, तुम्हाले सांगतो, भर ठाण्यात ढसाढसा रडला! "साहेब, मी तेच तं विचाराले आलो हो! गोळी कुठी हाये?"

जमादारानं ते रिव्हॉल्वर ठेवून घेतली. म्हणे, "उघड्यावर असा बार काढायचा नसते, एवढं तं समजाले पाह्यजे ना काका? हे राहू द्या अठी, लायसनचं मंग पाहू. घरी जा अन् झोपा." झोपा म्हंते! झोपेनं घर सोडून गेलती!

राह्यलं एकच घर. पायलचं.

तठी जायाले त्यायले लय दिवस लागले. वाडीपर्यंत जात, चिंचेखाली उभं राहत, वापस येत. एक दिवस गेले. पायल शिलाई मशीनवर बसेल होती. एकवीस-बावीसची पोरगी, बाप लहानपणीच गेला, मायलेकी दोघीच. मशीन समोर, कपडा सुईखाली, पण पाय चालत नव्हता. "या काका," म्हणे. बकऱ्या अंगणात बांधेल, वरडून राह्यल्या उपाशी.

ह्यायनं सगळं सांगितलं. तवा, हिवर, आभाळात धरलेली नळी, दोन गोळ्यायची न दिसलेली धूळ, कानामांगचा वाटाणा, सगळं. खालीच पाहून सांगितलं. मनात एकच, की ते पोरगी म्हणीन, 'नाई काका, येडे का तुम्ही, माय उन्हानंच गेली.' एवढं एक वाक्य! त्याच्यासाठी आलता तो माणूस. झोळी पसरूनच आलता म्हणा ना!

अन् पायल म्हणली, "काका, खरंच लागली असन का हो गोळी?"

ह्यायनं वर पाह्यलं. पोरीचे डोळे असे मोठे झालेले. राग नव्हता हो त्यात! रागानं पाह्यलं असतं तं सोसलं असतं. त्यात आशा होती! आशा!

"त्या दिवशी मायचं डोकं दुखत होतं काका," पायल म्हणे. "बकऱ्या रोज मीच नेत होती. गिऱ्हाईकाचे लग्नाचे ब्लाऊज द्यायचे होते, म्हून मी म्हणलं, माय, आज तू जाय. ते म्हणे, माहं डोकं धरलं वं. मी म्हणलं, काही होत नाई, जाय. चिडून म्हणलं मी. तिनं काठी घेतली अन् गेली." मंग जरा थांबून म्हणते, "उन्हानं गेली असन तं मीच धाडली काका तिले. पण तुमची गोळी लागली असन तं…"

वाक्य तठीच सोडलं तिनं. बोलाची गरजच नव्हती. अनंतराव सुटका मांगाले आलते, अन् अठी दुसरंच कोनी त्याच खुंट्याले बांधेल होतं! खुंटा एक. हा सुटला तं ते अडकते, ते सुटली तं हा अडकते. आता काय करान? तुम्ही काय केलं असतं? सांगा ना! उन्हावर ढकलान? नव्याण्णव टक्के ऊनच होतं हो!

अनंतरावनं नाकावरचा चश्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अन् म्हणले, "लागली पोरी. माहीच लागली."

"कानामांगं?"

"कानामांगं. ऊन-बिन काही नाई. गोळीच ते."

अन् ते पोरगी त्या मशीनवर डोकं ठेवून जे रडली! चांगुणा म्हणते, माय गेल्यापासून तिच्या डोळ्यातून टिपूस आला नव्हता. अनंतराव उभे राह्यले तसेच. डोक्यावर हात ठेवावा की नाई, ते काही त्यायले समजलं नाई. कोणत्या तोंडानं ठेवान?

आता गंमत ऐका. पायलनं गावात सांगितलं, 'माह्या मायले अनंतकाकाची गोळी लागली.' गाव काय म्हणलं? "अवं येडे, त्या खेळण्यानं?" अनंतराव भर चौकात सांगते, "अरे बावा, खरं हाये, मीच मारलं!" लोकं म्हंते, "बसा साहेब, च्या घ्या." जगात गुन्हेगार 'मी नाई केलं' म्हणून वरडते अन् कोनी मानत नाई, हा माणूस 'मी केलं' म्हणून वरडते, तरी कोनी मानत नाई! मानणारी एकच, पायल. ते रात्री झोपते म्हंते आता. मशीनही चालते.

अन् बकऱ्या? बकऱ्या अनंतराव नेते. हो! आवक-जावकवाला साहेब, डोक्याले दुपट्टा, हातात काठी, रोज सकाळी पायलच्या अंगणातून बकऱ्या सोडते अन् बरडाच्या पलीकडं नेते. वैनीनं आधी आदळआपट केली, आता मुकाट्यानं पाण्याची कॅन भरून देते. मेहबूबभाई कधीमधी येते, बाजूले बसते.

अन् तठी गेल्यावर हा माणूस काय करते? खाली मान, वाकलेला, मुरमावर डोळे, पाऊल पाऊल पुढं… शोधून राह्यला! अजूनही! अरे बावा, सापडल्या दोन्ही गोळ्या मुरमात, तं तू सुटशीन, पण मंग त्या पोरीचं काय? सांगशीन तिले? नाई सांगणार. मंग शोधतं कायले? गोळी गेली कुठी… गोळी गेली कुठी… अन् पाऊल पाऊल पुढं, खाली मान.

पहिले काही दिवस बकऱ्या बुजत होत्या त्याले, कान टवकारून लांब उभ्या राहत. आता नाई बुजत. त्याच्या बाजूलेच तोंड घालून चरते. बकऱ्यायले वाटते, हाही चरूनच राह्यला.